पाळी जाताना आणि गेल्यावर: डब्यातल्या चिठ्ठ्यांची उत्तरं

संक्रांत ते रथसप्तमी साताऱ्यात घरोघरी हळदीकुंकू असतं. या वर्षी आमच्या घरच्या हळदीकुंकवाला मी वाणाबरोबर पोह्यांचा एक रिकामा डबा फिरवला. चिठ्ठीवर नाव नको, पाळी जाण्याबद्दल जे विचारायला जीभ रेटत नाही ते लिहून आत टाका, एवढंच सांगितलं. पहिल्या फेरीत दोन चिठ्ठ्या पडल्या. मसाला दूध पिऊन झाल्यावर डबा परत आला तेव्हा झाकण लागत नव्हतं.

एकतीस वर्षं मी जिल्ह्यात आरोग्य सेविका होते, आधी माण तालुक्यात, मग कोरेगावकडं. बाळंतपणाच्या टाक्यांपासून सासूच्या भांडणापर्यंत सगळं बायका मला सांगायच्या. पाळी जाताना काय होतं, ते मात्र कुणी आपणहून बोललं नाही. माझी स्वतःची जाऊ लागली तेव्हा मीही गप्पच बसले. सारख्या चिठ्ठ्या एकत्र करून ही उत्तरं लिहिली आहेत. मी डॉक्टर नाही; कोणती गोळी, किती दिवस, ते तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं.

पाळी गेली असं नेमकं कधी म्हणायचं?

सलग बारा महिने एकदाही आली नाही की गेली. दहा महिने कोरडे गेले आणि अकराव्यात दोन दिवस डाग लागले, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. भिंतीवरच्या कॅलेंडरवर गॅस सिलिंडर लावल्याची तारीख लिहिता ना, तशी हीसुद्धा लिहा. डॉक्टरांचा पहिला प्रश्न तोच असतो, आणि ‘दिवाळीच्या आसपास आली असेल’ या उत्तराचा त्यांना काही उपयोग नसतो.

मात्र त्रास त्या बारा महिन्यांत सुरू होत नाही, त्याच्या बराच आधी होतो. पाळी मागंपुढं होण्यापासून ती पूर्ण थांबेपर्यंत चार ते आठ वर्षंही जातात. पाळी चालू आहे म्हणजे हे त्यातलं नसणार, असं म्हणून कितीतरी जणी दुखणं अंगावर काढतात.

रक्ताची तपासणी करून कळतं का?

पंचेचाळिशीच्या पुढं सहसा गरज नसते. पाळी जातेय का ते बघायला एफएसएच नावाचं हार्मोन मोजतात, ते या काळात रोज वरखाली होतं. सोमवारचा आकडा गुरुवारी खोटा पडतो. त्याऐवजी हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासून घ्या. थकवा, केस गळणं, वजन वाढणं, पाळी बिघडणं हे सगळं थायरॉईडमुळंही होतं आणि त्याला साधी गोळी आहे.

माझी एक्केचाळिसाव्या वर्षीच गेली. शेजारणीची त्रेपन्नला. बरोबर काय?

आपल्या देशात सरासरी ४६-४७ वर्षांच्या आसपास जाते, युरोप-अमेरिकेत ५१ च्या. आईची लवकर गेली असेल तर लेकीचीही लवकर जाण्याची शक्यता जास्त. पंचेचाळिशीच्या आत गेली तर ती लवकर गेली असं समजतात. चाळिशीच्या आत गेली तर ‘सुटले एकदाची’ म्हणून घरी बसू नका. तिथं रक्ताच्या तपासण्या लागतातच, कारण हाडांना आणि हृदयाला मिळणारं संरक्षण कितीतरी वर्षं आधीच संपतं. अशा बाईला साधारण पन्नाशीपर्यंत हार्मोन देण्याचा सल्ला डॉक्टर बहुतेक वेळा देतात.

धूम्रपानानं पाळी एक-दोन वर्षं आधी जाते. आपल्याकडच्या बायका विडी ओढत नाहीत, मिसरी लावतात, आणि मिसरीला तंबाखूत धरतच नाहीत. तंबाखू खाता का विचारलं की ‘नाही बाई’ म्हणणार आणि कमरेला मिसरीची डबी. तोंडाच्या कॅन्सरचा धोका तिच्यातूनच येतो. पाळी जायच्या वयात सोडण्यासारखी एकच गोष्ट विचाराल तर मी मिसरी सांगेन.

आत होतं तरी काय?

मुलगी जन्माला येते तेव्हा तिच्या बीजकोशांत दहा ते वीस लाख बीजं असतात. पहिली पाळी येईपर्यंत तीन-चार लाख उरतात. आयुष्यभरात पिकून बाहेर पडतात ती चारशे-पाचशे. बाकीची आपोआप जिरतात. साठा संपत आला की इस्ट्रोजेन, म्हणजे बीजकोशांतून येणारं बाईचं मुख्य हार्मोन, तयार होणं थांबतं.

पण ते नळ बंद केल्यासारखं थांबत नाही. माणमध्ये उन्हाळ्यात आटत चाललेल्या विहिरीवर मोटर चालताना पाहिली असेल. कधी भसाभसा पाणी येतं, कधी नुसती हवा, मध्येच पाइप उडेल एवढा जोर. शेवटची काही वर्षं बीजकोशांचं असंच चालतं. म्हणून एका महिन्यात स्तन दुखतात आणि भरपूर जातं, पुढच्या महिन्यात काहीच नाही आणि अंगातून वाफा.

इस्ट्रोजेनचं काम काही फक्त गर्भपिशवीपुरतं नसतं. मेंदू, हाडं, रक्तवाहिन्या, कातडी, लघवीचा मार्ग, सगळीकडं त्याची ये-जा असते. त्यामुळं ते कमी झालं की तक्रारी डोक्यापासून पायापर्यंत कुठूनही येतात.

अंगातून वाफा निघतात. लोक म्हणतात उष्णता झाली. सब्जा पिऊन काही होईना.

डब्यात सगळ्यात जास्त चिठ्ठ्या याच होत्या. माझीच गोष्ट सांगते. जानेवारीतली सकाळ, दहिवडीला जाणारी एसटी, सगळे शाली-मफलरात गुंडाळलेले. छातीतून एकदम झळ उठली, मान, कान, टाळू पेटल्यासारखी झाली, ब्लाउज पाठीला चिकटला. मी खिडकी सरकवली. मागच्या सीटवरचे एक बाबा ओरडले, “बाई, मारता का थंडीनं?” मी खिडकी लावली, दोन मिनिटांत घाम थंड झाला आणि मीच कुडकुडायला लागले. एकवीस वर्षं नोकरी झालेली, तरी मला आधी वाटलं, मलेरिया असेल.

मेंदूत शरीराचं तापमान सांभाळणारं एक केंद्र असतं. इस्ट्रोजेन कमी झालं की ते नको इतकं हळवं होतं. तापमान केसाइतकं वाढलं तरी त्याला वाटतं भट्टी लागली, आणि ते कातडीतल्या रक्तवाहिन्या उघडून घाम सोडतं. एकेक झळ एक ते पाच मिनिटं टिकते. पोटातल्या ‘उष्णते’शी तिचा संबंध नाही, त्यामुळं सब्जा, गुलकंद, कोकम सरबत यांनी घशाला बरं वाटेल, वाफ थांबणार नाही.

किती वर्षं चालतं? अमेरिकेत हजारो बायकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून झालेल्या ‘स्वॅन’ अभ्यासात निम्म्या जणींना सात वर्षांहून जास्त काळ हा त्रास झाला. काहींना अजिबात होत नाही. ‘सहा महिन्यांत जाईल, सोस’ हा आपल्याकडचा सल्ला अर्धवट आहे.

घरात काय करता येईल? चुलीपुढचं किंवा गॅसजवळचं काम सकाळी गारव्यात उरकणं, उकळता चहा थोडा निववून पिणं, ठेचा-खर्डा कमी करणं, नायलॉनऐवजी सुती कपडे, रात्री एका जाड गोधडीऐवजी दोन पातळ पांघरुणं. आपली झळ कशानं उठते ते आठवडाभर लिहून पाहा. माझी चहानं उठायची. चहा काही सोडला नाही, पण बशीत ओतून प्यायला लागले.

झोपमोड होत असेल, कामात लक्ष लागत नसेल तर औषध घ्यायला लाजू नका. हार्मोनच्या गोळ्या किंवा जेल सगळ्यात गुणकारी, त्याबद्दल पुढं आहे. ज्यांना हार्मोन चालत नाहीत त्यांच्यासाठी मेंदूच्या रसायनांवर काम करणारी काही औषधं कमी मात्रेत देतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘मानसिक आजाराची गोळी’ लिहिलेली दिसली म्हणून घाबरू नका, ती वाफेसाठीच असते.

एक सावधगिरी. रात्री घाम येतोय, पण सोबत बारीक ताप, खोकला, वजन उतरणं असेल तर ते पाळीचं नाही. थुंकीची तपासणी आधी. आपल्याकडं टीबी अजून गेलेला नाही.

पाळी जायच्या वयात उलट जास्तच जातंय. दर दोन तासांनी पॅड बदलावं लागतं.

मागंपुढं होणं, कमीजास्त होणं साहजिक आहे. पण तास-दोन तासांत पॅड भिजणं, मोठ्या गाठी पडणं, आठ दिवसांच्या पुढं चालणं, तीन आठवड्यांच्या आत परत येणं, किंवा संबंधानंतर रक्त दिसणं ही दाखवण्याची कारणं आहेत. पिशवीत फायब्रॉईडच्या गाठी असतील, अस्तर जाड झालं असेल. सोनोग्राफीत बरंचसं कळतं. अशा बायकांचं हिमोग्लोबिन सात-आठवर आलेलं मी पाहिलं आहे, आणि घरचे म्हणत होते, ‘हिचं वय झालं म्हणून दम लागतो.’

पाळी जाऊन तीन वर्षं झाली. परवा अचानक डाग लागला. परत सुरू झाली का?

नाही. गेलेली पाळी परत येत नसते. बारा महिन्यांनंतर दिसलेलं रक्त, एक थेंब असला तरी, आठवडाभरात दाखवायचंच. बहुतेक वेळा कारण साधं निघतं: आतली कातडी पातळ झालेली असते, एखादा पॉलिप, म्हणजे अस्तराचा लहानसा कोंब, असतो. पण अशा दहा बायकांमागं साधारण एकीला पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर निघतो, आणि तो असा लवकर हाती लागला तर बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो. आतून सोनोग्राफी करून अस्तराची जाडी मोजतात. चार मिलिमीटरच्या वर असेल तर त्याचा तुकडा तपासायला पाठवतात.

ही चिठ्ठी कुणाची होती मला ठाऊक नाही. बाई, तू वाचत असशील तर उद्याच जा.

डॉक्टर म्हणाले, मुलं झालीत, पिशवी काढून टाका. काढू का?

कशासाठी, हे आधी विचारा. कॅन्सर, कॅन्सरच्या आधीचे बदल, औषधांना न जुमानणारा रक्तस्राव, मोठ्या गाठी, अंग बाहेर येणं (पिशवी खाली सरकणं) ही खरी कारणं आहेत. अंगावरून पांढरं जातं, कंबर दुखते, ‘पुढं कॅन्सर होईल’ ही कारणं नाहीत. पांढरं जाण्यावर बहुधा आठवड्याभराचं औषध पुरतं.

दरवर्षी दिवाळीनंतर आपल्या कारखान्यांवर बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्यांतल्या कितीतरी जणींच्या पिशव्या ऐन तिशीत काढलेल्या. एक दिवस खाडा झाला की दंड, आणि पाळीमुळं खाडा होतो, म्हणून पिशवीच नको. २०१९ मध्ये ते प्रकरण गाजलं, सरकारनं समिती नेमली. फडावरच्या कोपीत यातल्या एकीला मी लोहाच्या गोळ्या द्यायला गेले होते. बत्तीस वर्षांची, गुडघ्यावर हात टेकून उठत होती. आपण त्यांना हळहळतो, पण आपल्या पक्क्या घरांतल्या बायकांच्याही पिशव्या क्षुल्लक कारणांनी गेलेल्या आहेत.

समजून घ्यायचं एवढंच, की पिशवी वेगळी आणि बीजकोश वेगळे. नुसती पिशवी काढली तर पाळी थांबते, पण हार्मोन चालू राहतात. तरी बीजकोश काही वर्षं आधी थकू शकतात. दोन्ही बीजकोश काढले तर चार-आठ वर्षांत हळूहळू होणारं एका रात्रीत होतं. वाफा जोरात येतात, हाडं आणि हृदय लवकर धोक्यात येतात. ऑपरेशन ठरलं तर विचारायचा प्रश्न हाच: “बीजकोश ठेवणार की काढणार, आणि काढणार असाल तर का?” आणि डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. ‘तुमचं काय काय काढलं?’ या प्रश्नाला ‘सगळंच काढलं वाटतं’ हे उत्तर मी शेकड्यानं ऐकलं.

शक्य असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. रक्तस्रावासाठी गोळ्या आहेत, पिशवीत बसवायचं हार्मोनचं साधन आहे. एखाद्या बाईला मात्र खरंच ऑपरेशन लागतं. तिला उगाच घाबरवू नका.

वारीला जायचंय. पाळी पुढं ढकलायची गोळी या वयात घेऊ का?

लोणंद, तरडगाव, फलटण. माउलींची पालखी आपल्या जिल्ह्यात आली की मेडिकलवाल्यांकडं या गोळ्यांना मागणी येते. न विचारता घेऊ नका. पायात कधी रक्ताची गाठ झाली असेल, बीपी असेल, अर्धशिशी असेल तर धोका असतो, आणि आधीच विस्कटलेली पाळी आणखी विस्कटते. पाळीत वारीला आलेलं माउलींना चालतं का, हे मला विचाराल तर चालतं. पण हे माझं मत झालं, ज्याची त्याची श्रद्धा.

आता दिवस राहायची भीती नाही ना?

आहे. पाळी चुकत असली तरी मधूनच बीज बाहेर पडतं. पन्नाशीच्या आत पाळी थांबली तर पुढची दोन वर्षं, पन्नाशीनंतर थांबली तर एक वर्ष काळजी घ्यायची. पूर्वी बसवलेली कॉपर-टी आत राहून गेली असेल तर पाळी गेल्यावर काढून घ्या. पंचवीस वर्षांपूर्वीची तांबी विसरलेल्या आज्या मला भेटल्या आहेत.

शिंकलं, खोकलं की थेंब जातो. लग्नाला जायचं सोडलंय.

ही चिठ्ठी चार जणींची होती, चौघींनाही वाटतं आपल्या एकटीलाच. ओटीपोटाखालचे स्नायू सैल झालेले असतात. बाळंतपणं, डोक्यावरच्या हंडे-कळशा, जुनाट खोकला, आणि आता इस्ट्रोजेनची कमी. लघवी मध्येच अडवताना जे स्नायू आवळतो ते ओळखा. मग लघवी करत नसताना ते पाच ते दहा सेकंद आवळून धरा आणि तेवढाच वेळ सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. भाकरी थापताना, बसमध्ये, पारायणात, कुठंही करता येतं, कुणाला कळत नाही. तीन महिने चिकाटीनं करा, मगच उपयोग नाही म्हणा.

अंग बाहेर येत असेल तर दाखवा. प्रत्येकीला ऑपरेशन लागत नाही. आत बसवायची एक रिंग मिळते. लघवीला वारंवार जळजळ होत असेल तर तेही पाळी जाण्याशी जोडलेलं असतं, कारण तिथली कातडी पातळ होते आणि जंतूंना आवर घालणारी आम्लता कमी होते. दर वेळी नुसती अँटिबायोटिक खात बसण्याऐवजी इस्ट्रोजेनच्या मलमाबद्दल विचारा.

नवऱ्याजवळ जायला नको वाटतं. दुखतं. त्यांना वाटतं माझं मन उडालं.

वाफा काही वर्षांनी थांबतात. हा कोरडेपणा मात्र आपोआप जात नाही, उपाय केला नाही तर वाढत जातो. औषधाच्या दुकानात पाण्यावर आधारलेलं जेल मिळतं, ते संबंधाच्या वेळी वापरा. खोबरेल तेल लावणाऱ्या जणी आहेत, त्यानं काहींना बरं वाटतं; पण कंडोम वापरत असाल तर तेलानं तो फाटतो. इतक्यानं भागलं नाही तर योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं मलम आहे. ते रक्तात अगदी नगण्य उतरतं, त्यामुळं गोळीइतकी काळजी नसते. स्तनाचा कॅन्सर झालेल्या बाईनं मात्र विचारूनच लावायचं.

आणि नवऱ्याला सांगा. मन उडालेलं नसून दुखतंय, हे वाक्य एकदा बोलायला जड जातं.

कारण नसताना रडू येतं. दूध उतू जातं, नावं आठवत नाहीत. वेड लागतंय का?

वेड नाही आणि स्मृतिभ्रंशही नाही. हा धुकटपणा बहुतेक जणींचा पाळी पूर्ण गेल्यावर निवळतो. रात्री चारदा घामानं उठणारी बाई सकाळी चिडचिडणारच. शिवाय याच वयात मुलगी सासरी गेलेली असते, सासरे अंथरुणाला, नवऱ्याचा हप्ता थकलेला. सगळंच हार्मोनच्या माथी मारू नये. पण दोन आठवड्यांच्या वर मन उदास असेल, जेवण-झोप गेली असेल, जगणं नको वाटत असेल तर त्याला आजार म्हणायचं आणि औषध घ्यायचं. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे, फुकट, मराठीत बोलतात.

हाडांचं खरंच एवढं काय असतं?

हाडांची चिठ्ठी डब्यात एकच होती. वाफा बोंब मारतात म्हणून सगळ्या त्यांचं विचारतात. हाड गुपचूप झिजतं.

माझ्या सासूबाई लोणच्याची बरणी फडताळाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवायच्या. साठीनंतर ती एक फळी खाली आली. दोन-तीन वर्षांनी आणखी एक. आम्हाला वाटलं, सोय बघतात. मग एक दिवस मोरीच्या उंबऱ्याला पाय अडकला, पडताना हात टेकला, मनगट मोडलं. तेव्हा काढलेल्या एक्स-रेत पाठीचे दोन मणके चेपलेले निघाले. ते कधी मोडले त्यांना कळलंच नव्हतं. कंबर धरली म्हणून बाम चोळत होत्या. बरणी खाली येत नव्हती, त्या बुटक्या होत होत्या. आणि मी, घरोघरी फिरून लोकांची आरोग्याची पत्रकं भरणारी, रोज त्याच फडताळातून चहाची पूड काढत होते.

पाळी जाण्याच्या आसपासच्या आणि नंतरच्या पाच-सात वर्षांत हाडांची घनता सर्वांत वेगानं उतरते, वर्षाला दोन टक्क्यांच्या आसपास. नंतर वेग मंदावतो, पण थांबत नाही. आधी मनगट, मग मणके, शेवटी खुबा. खुबा मोडलेली म्हातारी पुन्हा पहिल्यासारखी चालेलच असं नसतं.

तपासणी म्हणजे डेक्सा स्कॅन, हाडांची घनता मोजणारा एक्स-रे. त्यातला टी-स्कोर नावाचा आकडा उणे अडीच किंवा त्याखाली म्हणजे हाडं ठिसूळ झाली. पासष्टीनंतर प्रत्येकीनं करावा. पाळी लवकर गेली असेल, आईचा खुबा मोडला असेल, वर्षानुवर्षं स्टिरॉईड घेतले असतील, साध्या पडण्यानं हाड मोडलं असेल तर आधीच. गणपतीच्या मंडपात टाचेला मशीन लावून ‘हाडं ठिसूळ’ असा कागद देतात आणि बाजूच्या टेबलावर कॅल्शियमची बाटली विकतात, त्या कागदावर औषध सुरू करू नका. फार तर त्यावरून डेक्सा करा. हाडं खरोखर ठिसूळ निघाली तर आठवड्याला एक घ्यायची गोळी असते. ती उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका भाजते.

“दिवसभर रानात राबते, मला कशाला व्यायाम?” राबण्यानं हाडांना फायदा होतोच. पण द्राक्षबागेत हात वर करून विरळणी करणं किंवा वाकून हळद काढणं म्हणजे पायाच्या, पाठीच्या स्नायूंना पद्धतशीर जोर नव्हे. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठून बसा. एका पायावर उभं राहायचा सराव करा, भिंतीजवळ. शहरातल्या बायकांनी अजिंक्यतारा चढावा. पहाटे तिथं साठीच्या बायका माझ्या पुढं जातात.

कॅल्शियमची गोळी घ्यायची की नाही?

पाळी गेल्यावर दिवसाला साधारण १२०० मिलिग्रॅम लागतं. पेलाभर दुधात अडीचशेच्या जवळपास, शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास, चमचाभर तिळात शंभरएक. पाटण-जावळीच्या डोंगरात पिकणारी नाचणी आपण बाळाला भरवतो आणि स्वतः गव्हाची चपाती खातो. ताक, दही, राजगिरा, मेथी-शेपू धरून किती होतं ते बघा. कमी पडेल तेवढीच गोळी. एका वेळी पाचशेच्या वर नको. लोहाची आणि थायरॉईडची गोळी तिच्याबरोबर घेऊ नका, चार तासांचं अंतर ठेवा, नाहीतर एकमेकींना अडवतात.

ड जीवनसत्त्वाचं साठ हजार युनिटचं पाकीट बहुधा आठवड्याला एक असतं. एका ताईनं ते रोज घेतलं, महिनाभर, आणि उलट्या होऊन दवाखान्यात गेली.

पोट सुटलंय. खाणं तर तेवढंच आहे.

खाणं तेवढंच, पण स्नायू कमी झाले, आणि चरबी आता मांड्यांऐवजी पोटावर बसते. कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या वर गेला की साखर आणि बीपी तपासा. पाळी चालू असते त्या वर्षांत मधुमेह आणि हृदयविकार यांत बायका पुरुषांच्या मागं असतात. पाळी गेली की वाईट कोलेस्टेरॉल चढतं आणि दहाएक वर्षांत बायका त्यांना गाठतात. भाकरी तशीच राहू दे, भाताचा डोंगर कमी करा, मटकी-हरभरा-अंडं वाढवा. पापड-लोणच्यातलं मीठ मोजा.

हार्ट अटॅक बाईला नेहमी छातीत कळ मारूनच येतो असं नाही. जबडा, पाठ, खांदा दुखतो, दम लागतो, मळमळतं, दरदरून घाम येतो. घाम आला म्हणजे वाफच असेल असं धरू नका. वाफ पाच मिनिटांत जाते आणि तिच्यात छाती दाटत नाही. शंका आली की १०८.

हार्मोनच्या गोळ्यांनी कॅन्सर होतो म्हणे?

ही भीती २००२ सालची. अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं हार्मोन) दोन्ही घेणाऱ्या बायकांत स्तनाचा कॅन्सर थोडा वाढलेला दिसला: दर दहा हजार बायकांमागं वर्षाला आठेक जास्त. जगभर कितीतरी जणींच्या गोळ्या बंद झाल्या. पण त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन दहाएक वर्षं झालेली. पिशवी काढलेल्या, फक्त इस्ट्रोजेन घेणाऱ्यांत कॅन्सर वाढला नाही. आज डॉक्टर साधारण असं धरतात: साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षांच्या आत, त्रास खरा असेल आणि इतर धोका नसेल, तर फायदा तोट्यापेक्षा जास्त.

पिशवी असेल तर नुसतं इस्ट्रोजेन घ्यायचं नाही, अस्तर वाढतं. सोबत प्रोजेस्टेरॉन लागतं. स्तनाचा कॅन्सर, रक्ताच्या गाठी, लकवा, यकृताचा आजार झालेल्यांना, किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल तर देत नाहीत. कातडीला लावायच्या जेलमध्ये गाठीचा धोका गोळीपेक्षा कमी. शेजारणीची चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून आणायची ही वस्तू नाही.

शतावरी, सोयाबीन, ‘लेडीज टॉनिक’?

सोयाबीन खा, प्रथिनं मिळतील. वाफांवर काहींना थोडा फरक पडतो. शतावरीच्या बाजूनं भक्कम पुरावा नाही. लेबल नसलेली पूड आणि भस्म नकोच. काहींत शिसं किंवा स्टिरॉईड निघालेले आहेत.

कुठं जायचं, काय तपासायचं?

तिशीनंतर गावच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे आपल्या जुन्या उपकेंद्रात, बीपी, साखर, तोंड, स्तन आणि पिशवीचं तोंड यांची तपासणी फुकट असते. पिशवीच्या तोंडाला सिरक्यासारखं द्रावण लावून बघतात, दोन मिनिटांचं काम, दर पाच वर्षांनी. आशाताई फॉर्म घेऊन येतात तेव्हा ‘मला काही नाही’ म्हणून परत पाठवू नका. पुढच्या तपासण्यांना साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल. सांगलीकडच्यांना वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आणि मिरजेचं शासकीय रुग्णालय. केसपेपरच्या रांगेत ‘काय होतंय?’ असं मोठ्यानं विचारलं तर ‘स्त्रीरोग’ एवढंच सांगा, पुरतं.

शेवटची चिठ्ठी

ही पुरुषी अक्षरात होती. बायकोच्या पर्समधून आली असणार. ‘मंडळी रात्री दोनला उठून फरशीवर जाऊन झोपते. विचारलं तर काही नाही म्हणते. मी काय करावं?’

भाऊ, पंखा तिच्या बाजूला वळवा आणि स्वतः गोधडी घ्या. खिडकीकडची जागा तिला द्या. ती फरशीवर गेली तर ‘काय झालं’ विचारू नका, तांब्याभर पाणी तिच्या उशाशी ठेवा. आणि सिव्हिलला जायचं ठरलं तर सुट्टी टाकून सोबत जा.